चाईचा आळ आलेली फणी

मी एक जुनी शिसवी फणी आहे. मित्रांनो, एरंडोलच्या एका कारागिराने माझे दात कापले आणि रुक्माबाईंनी लग्नात मला शिरपूरला आणले. पुढे त्यांच्या नाती सपना आणि डिंपल माझ्या ताब्यात आल्या. दर रविवारी न्हाणे झाले की दोघी एकमेकींच्या वेण्या घालत, आणि केस विंचरायला मीच असे. सपनाचे दाट केस मला फार आवडत. घरातला आरसाही माझ्याइतका लाडका नव्हता.

मग सपनाच्या डोक्यावर केस गळून रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली. रुक्माबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हाई फणीमुळेच चाई उनी! आते डिंपललेबी लागी जाई."

झाले! डिंपलसाठी लाल प्लास्टिकचा कंगवा आला. आजीच्या धाकाने तिने बहिणीजवळ बसणेच सोडले. सपना ओढणी बांधून कोपऱ्यात एकटी बसे. आणि तो कंगवा? काल आलेला, पण आरशाखाली नुसता मिरवत होता! माझा जळफळाट झाला.

धुळ्याला डॉक्टरीणबाईंकडे जाताना रुक्माबाईंनी मला पुरावा म्हणून पिशवीत घातले. बाईंनी भिंगातून सपनाचे डोके पाहिले आणि रक्त काढायला सांगितले. ते रक्त भरलेल्या काचेच्या नळीचाही मला हेवा वाटला. माझे दात त्या केसांत झिजले, तरी मला कोणी काही विचारेना; आणि चमचाभर रक्त काय सांगते म्हणून सगळे जीव मुठीत धरून बसले!

संध्याकाळी रिपोर्ट वाचून बाई म्हणाल्या, "आजी, हा लागट रोग नाही. रोगाशी लढणारे शरीराचे राखणदारच चुकून केसांच्या मुळांवर तुटून पडलेत. रक्तातही सुजेच्या खुणा वाढल्यात. औषध देते. फणीचा काही दोष नाही."

रुक्माबाईंचा चेहरा पडला. "मंग मी पोरले उगाच येगळी बसाडी?"

घरी आल्यावर डिंपलने मला पिशवीतून काढले. सपना मागे सरकली. "तुले भेव नही वाटस का?"

डिंपलने मला आधी सपनाच्या केसांतून फिरवले, मग स्वतःच्या. सपना हुंदके देऊन रडली आणि डिंपलच्या मांडीला टेकून बसली.

ती जागा अजून भरलेली नाही. कधी भरेल, ते बाईंनाही सांगता आले नाही. मित्रांनो, कुणाला चाई झाली तर औषधाचे काय ते डॉक्टर पाहतील. तुम्ही त्याला दूर लोटू नका, जवळ बसवून केस विंचरा. हवे तर मला मागून न्या. त्या लाल कंगव्याला मात्र मुळीच नेऊ नका!