तुटक्या कानाचा कप

२००४ च्या हिवाळ्यात घोडेगावच्या एका शाळेनं नववीच्या मुलामुलींचं तीन दिवसांचं शिबिर डिंभ्याला भरवलं. मनातला भेदभाव काढायचा, एकमेकांना समजून घ्यायचं, असं सुदर्शन सर सांगत. सर नवे होते, बोलायचे मात्र मनापासून. पहिल्याच दुपारी त्यांनी मुलांना गोलात बसवलं. कुणाला कधी कमी लेखलं असेल तर इथं मोकळेपणानं सांगा, म्हणाले. कुणीच बोलेना, तेव्हा त्यांनी रत्नाचं नाव घेतलं.

वर्गात डोंगरातल्या आदिवासी वस्तीतून आलेली ती एकटीच. वसतिगृहात राहायची. सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

सांगण्याजोगं तिच्याकडं होतं. पण ते संस्कृतीच्या घरचं होतं, आणि संस्कृती तिला खेटूनच बसली होती. दर रविवारी रत्ना तिच्याकडं अभ्यासाला जायची. संस्कृतीची आई आग्रहानं चहा द्यायची, पण नेहमी कान तुटलेल्या कपात. तो कप बाहेर मोरीशी वेगळा ठेवलेला असायचा. दोन वर्षं रत्नानं हे बघून न बघितल्यासारखं केलं होतं. सांगावं तर एकुलती एक मैत्रीण जायची, न सांगावं तर सर हलू देईनात.

"मला काय सांगायचं नाय, सर," ती म्हणाली.

सरांनी समजावलं, परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा संस्कृतीच उठली आणि रडत रडत तिनं सगळं सांगून टाकलं. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. संस्कृतीनं रत्नाला मिठी मारली. रत्नाचे हात तसेच खाली राहिले. आता साऱ्या वर्गाला कळलं होतं, ती कुठल्या कपात चहा पीत आली ते. उठून घरी जावं म्हटलं, तर वरच्या गावाची एसटी उद्याशिवाय नव्हती.

संध्याकाळी भाकऱ्या करायला दोघी एकाच गटात होत्या. रागावलीस का, असं संस्कृतीनं हळूच विचारलं.

"कपाचं मला म्हाईत व्हतं," पिठात हात तसाच ठेवून रत्ना म्हणाली. "तुला म्हाईत नसंल, असं धरून मी येत व्हते."

उरलेले दोन दिवस दोघी एका सतरंजीवर झोपल्या, एका ताटात जेवल्या. सरांनी त्यांचा जोडीनं फोटोही काढला.

पुढच्या रविवारी रत्ना गेली नाही. दुपारी संस्कृतीच वह्या घेऊन वसतिगृहावर आली. रत्नानं चटई टाकली. भूमितीची चार गणितं झाली, त्यापलीकडं दोघी बोलल्या नाहीत.