छतात बसलेला मुका स्पीकर

मित्रांनो, मी अजून वर्षाचाही नाही, तरी मला जुनाच समजा. करंजाड्यातल्या एका नव्या फ्लॅटच्या छतात मी बसलो आहे. माझ्या तोंडावर छान पांढरी जाळी आहे आणि आवाज मात्र अजिबात नाही.

मला काशीरामने बनवलं. तीस वर्षं त्याने पनवेलच्या आसपासच्या गावांत हळदीच्या मांडवांना साउंड पुरवला. फ्लॅट घेतला तेव्हा त्याचा मुलगा प्रितम म्हणाला, "बाबा, छतातले स्पीकर तयार मिळतात. भोक पाडायचं, बसवायचं, झालं."

"विकत कशाला? मी हाय ना!" काशीराम म्हणाला. "आख्खा गाव माज्या आवाजावर नाचलाय."

त्याची बायको भामा लग्नात धवले, म्हणजे विधींची पारंपरिक गाणी, गाते. तिचा धवला नव्या घरात आपल्या हातच्या स्पीकरमधून वाजावा, एवढीच त्याची हौस होती. मग बाल्कनीत प्लायवूड कापलं गेलं, जुन्या साउंडच्या खोक्यातला कोन, म्हणजे आवाज काढणारा कागदी पडदा, साफ झाला. आठ दिवस तो जेवायलाही हाक मारल्याशिवाय उठत नव्हता. इतकं प्रेम बाजारातल्या कुठल्या स्पीकरच्या वाट्याला येत असेल?

पण तीस वर्षं मांडवातल्या खोक्यांशेजारी उभं राहून काशीरामचे कान गेले होते. बारीक, म्हणजे उंच पट्टीचा तीक्ष्ण आवाज त्याला ऐकूच येत नसे. हे त्याला ठाऊक नव्हतं आणि घरात कोणी बोललं नव्हतं. त्याला बारीक आवाज कमी वाटला, म्हणून त्याने तो वाढवला. मग आणखी वाढवला. "आता कसा मोकला झाला!" तो खूश होऊन म्हणाला.

मी छतात चढलो आणि भामाचा रेकॉर्ड केलेला धवला लागला. मित्रांनो, काय सांगू, मी किंचाळत होतो! प्रितमने कानाकडे हात नेला आणि डोकं खाजवल्यासारखं केलं. स्वतःचाच आवाज ऐकून भामाने डोळे घट्ट मिटले. पण नवऱ्याचा उजळलेला चेहरा पाहून ती म्हणाली, "बेस वाजतो, झकास."

माझे नव्याचे नऊ दिवसही भरले नाहीत. काशीराम दोन दिवस शिरढोणला मित्राच्या घरी हळदीला गेला. तेवढ्यात प्रितमने दोन तयार स्पीकर आणून बसवले आणि माझी वायर कापून टाकली. काशीराम परतल्यावर त्याला सांगितलं, "तुमचाच मेन आहे बाबा. हे नुसते जोडीला."

त्याने विश्वास ठेवला. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो माझ्याखाली उभं करायचा. "यो मी बनवलाय, हाताने!" मला वरून खाली पाहवत नसे.

एका दुपारी धवला चालू असताना तो फडकं घेऊन स्टुलावर चढला. माझी जाळी पुसता पुसता त्याने सवयीने तळहात टेकवला. मांडवातल्या गोंगाटात खोकं वाजतंय की नाही, हे तो असंच हाताने बघायचा. हात माझ्यावर बराच वेळ राहिला. मी थरथरायचा खूप प्रयत्न केला, पण तुटलेल्या वायरीने काय होणार? मग त्याने स्टूल सरकवलं आणि नव्या स्पीकरवर हात ठेवला. तो स्पीकर थरथरत होता.

खालून भामाने घाबरून विचारलं, "काय झाला?"

"काय नाय. धूल पुसली."

रविवारी पाहुणे आले. कोणीतरी वर बघत विचारलं, "काशीराम, यातला तुजा कंचा?"

काशीराम म्हणाला, "माजा नाय यातला. समदे विकतचे हायेत."

प्रितमने मान खाली घातली. भामा पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली, ती लवकर बाहेर आली नाही. त्या दिवसापासून काशीराम वर बघत नाही.

मित्रांनो, मी वाईट वाजत होतो, हे मला मान्य आहे. मला बंद केलं याचाही राग नाही. पण पहिल्याच दिवशी कोणी खरं सांगितलं असतं, तर अर्ध्या तासात त्याने मला दुरुस्त केलं असतं. बारीक आवाज कमी करायचा, एवढंच काम होतं. म्हणून तुमच्या घरी कोणी हौसेने काही बनवलं आणि ते चुकलं, तर पाठीमागून वायर कापू नका. त्याच्याजवळ बसा आणि सांगा. जरा मोठ्याने सांगा, त्याला कमी ऐकू येत असेल.