गुऱ्हाळातली केशरी बुरशी

मित्रांनो, मी एक जुनी बुरशी आहे. मुरडलंत ना नाक? खुशाल मुरडा. मी दिसले की तुमच्या घरची भाकरी उकिरड्यावर जाते आणि आईला बोलणी बसतात, हे मला ठाऊक आहे. पण याच माझ्यापायी एका मुलीनं आपल्या सरांशी उभा दावा मांडला होता. "शी!" म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या, गोष्ट मधे तोडलेली मला खपत नाही.

माझा जन्म मुरगूडजवळच्या एका गुऱ्हाळातला. रस उकळायच्या चुलवाणापाशी उसाची अर्धवट जळकी चिपाडं पडली होती. तिथं दुसरं कुणी जगलं नसतं. मी दोन दिवसांत केशरी पसरले. गुऱ्हाळ विमलाच्या घरचं. ती कोल्हापूरच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती, सुट्टीला आली होती. तिनं मला कागदाच्या पुडीत उचललं तशी तिची अक्का कडाडली, "अगं, रस प्यायचा सोडून घाण कसली गोळा करतीस? अशानं कोण लगीन करणार तुझ्याशी?"

"ह्या बुरशीलाच विचारते की," विमला म्हणाली आणि पुडी पिशवीत घातली. मला ती तेव्हाच आवडली.

कॉलेजात माझी चंगळ झाली. काचेच्या नळ्या, आत चायना ग्रास घालून थिजवलेलं गुळाचं पाणी, तोंडाला कापसाचं बूच. मी म्हणजे नुसते धागे, मित्रांनो, तुमच्या केसाहून कितीतरी बारीक. धागा वाढतो तो टोकाला. त्याच्या आत आडव्या भिंती असतात, प्रत्येक भिंतीला मधोमध एक भोक, आणि त्या भोकांतून रस टोकाकडे धावत असतो. विमला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून माझं टोक किती सरकलं ते तासातासाला मोजायची. एकदा तिनं ब्लेडनं माझा धागाच कापला. तिला वाटलं, आता सगळा रस सांडणार. मी बरी सांडू देते! कापल्या जागेजवळच्या भिंतीचं भोक मी आतल्याच एका कणानं झटकन बुजवलं, आणि थोड्या वेळानं त्या भिंतीमागून नवं टोक काढलं. विमलानं श्वास रोखून ते पाहिलं आणि वहीत त्याचं चित्र काढलं.

चित्र पाहून तिच्या हंबीरराव सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "विमलाबाई, आपल्या ह्या जुनाट सूक्ष्मदर्शकातून एवढं दिसत नाही. परदेशी पुस्तकात बघून काढलंत काय?"

"नाही सर. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"मग पुढच्या शुक्रवारी माझ्यासमोर दाखवा. नाही दिसलं, तर चित्र खोडायचं आणि तो सगळा भाग प्रबंधातून काढायचा."

चित्र खोडायचं म्हणजे आपण खोटारडे आहोत असं आपल्याच हातानं कबूल करायचं. विमलाचं तोंड लाल झालं, पण ती "दाखवते" एवढंच म्हणाली.

आणि मधे आली खंडेनवमी. आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई आकाराम मोठे भाविक. पूजेला भांडी लख्ख हवीत म्हणून त्यांनी बंबातलं गरम पाणी आणलं आणि माझ्या एकूण एक नळ्या विसळल्या. माझे केशरी धागे मोरीतून वाहून गेले. मग नळ्यांना हळदकुंकू लागलं, सूक्ष्मदर्शकाच्या गळ्यात झेंडूची माळ पडली. पुजलेल्या वस्तूंना दसरा होईतो कुणी हात लावला नाही.

सोमवारी विमला आली आणि दारातच थबकली. "आकारामदादा, काय केलंत हे?"

"सणासुदीला बुरशीची पूजा मांडू व्हय ताई? लई मळलं हुतं सगळं."

"अहो, माझं वर्ष होतं त्यात!" ती स्टुलावर बसली आणि हमसून हमसून रडली. आवाज ऐकून सर आले. त्यांनी नळ्यांकडे पाहिलं. "आता दाखवायला काही उरलं नाही. खोडा ते चित्र."

विमलानं पदरानं डोळे पुसले. "नाही खोडणार, सर. शुक्रवार अजून यायचाय."

सर गेल्यावर आकाराम चोरट्या आवाजात म्हणाले, "ताई, देवाशपथ, नुस्तं पाणी वतलं. घासलं न्हाय. पूजेचा टाइम झालता."

विमला ताडकन उठली. तिनं एक नळी खिडकीशी धरली. काचेला आतून बारीक काळे ठिपके चिकटले होते. ते माझं बी, मित्रांनो! आणि माझं बी चुलवाणाच्या धगीत जागं होणारं. गरम पाण्यानं धागे मेले, पण बी खडबडून उठलं. विमलानं नळ्यांत नवं गुळाचं पाणी ओतलं. गूळ आकारामांनीच उकळून दिला, न सांगता. गुरुवारी मी पुन्हा केशरी झाले होते.

शुक्रवारी सर म्हणाले, "मीच कापणार." कापा की! मला भयंकर राग आला होता. इतके महिने मला डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या पोरीला हा माणूस खोटं ठरवतो म्हणजे काय? पातं फिरलं. मी भोक बुजवलं. सरांनी डोळा लावला तो लावलाच. अर्धा तास त्यांची मान वर आली नाही.

विमलानं कागद-पेन्सिल त्यांच्या हाताशी सरकवली. "सर, दिसतंय तेवढंच काढा. माझ्या वहीत बघू नका."

सरांनी काढलं. विमलानं वही उघडून शेजारी ठेवली. आकाराम वाकून बघत म्हणाले, "एकच हाय की वो!"

सरांनी दोन्ही चित्रं रेघ न् रेघ ताडून पाहिली. मग त्यांनी आपल्या चित्राखाली सही केली. "विमलाबाई, हेही प्रबंधात लावा. आणि मी तुमच्यावर संशय घेतला होता, ते पण लिहा."

मित्रांनो, भाकरीवर दिसले तर मला फेकून द्या. खाऊ नका, पोट बिघडेल. माझी कीव तर मुळीच करू नका. पण एखादी पोर म्हणाली, "मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय," तर "खोडून टाक" म्हणायच्या आधी तिच्या शेजारी बसा आणि स्वतः बघा. एवढं जमत नसेल, तर निदान तिच्या वहीला हात लावू नका.