अकरा पंक्चर आणि एक अध्यक्ष

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या त्या टाउनहाउस कॉलनीत अठ्ठेचाळीस घरं होती, आणि अठ्ठेचाळीस घरांना पुरून उरेल असा एक माणूस होता. गुरुनाथ. कुणी विचारलं नाही तरी तो मत द्यायचा, आणि चुकून विचारलंच तर जेवणाची वेळ टळून जायची. घरमालकांच्या कमिटीचा तो अध्यक्ष झाला तो दुसरं कुणी उभंच राहिलं नाही म्हणून. पण तो ते "बिनविरोध" असं सांगायचा, आणि सांगताना मान जराशी तिरपी करायचा.

कांचनला ती तिरपी मान बघवत नसे. ती नागपूरची. तिथे मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र शिकली, हिंगण्याच्या एका तारा ओढणाऱ्या कारखान्यात तीन वर्षं घाम गाळला, आणि लग्न होऊन अमेरिकेत आल्यावर जे सगळ्यांचं होतं तेच तिचंही झालं: सॉफ्टवेअर टेस्टिंग. गेली वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेत होती. त्यामुळे गुरुनाथसारखा माणूस तीन घरं सोडून राहतो, हे तिला ऑफिसचं काम घरी आल्यासारखं वाटे.

जानेवारीच्या अखेरीस तिच्या गाडीत टायरचा पिवळा दिवा लागला. टायरवाल्याने साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे आले तिथून पकडीने खिळा उपसला आणि विचारलं, "तुम्ही त्या कालव्याजवळच्या कॉलनीतल्या ना? या आठवड्यातली ही तिथली सहावी गाडी. तुमच्याकडे खिळ्यांची शेती करतात की काय?"

कांचनला हसू आलं नाही. थंडीत तासभर बाकड्यावर बसून कुणाला येईल?

तोपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर गुरुनाथचं तपासकार्य सुरू झालं होतं. दोन दिवसांत त्याने आपल्या तळघरात मीटिंग बोलावली. चहा होता, चकल्या होत्या आणि भिंतीवर स्लाइड्स होत्या. पहिल्या स्लाइडवर कॉलनीचा नकाशा, त्यावर लाल ठिपके, आणि वर ठळक अक्षरात "नेल इन्सिडंट्स: फेज वन".

"फेज टू पण आहे का रे?" कांचनने नवऱ्याच्या कानात विचारलं.

"गप ना यार," संग्राम म्हणाला. तो गुरुनाथचा बॅडमिंटनचा जोडीदार होता आणि जगातल्या कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना चकली पुढे करणारा माणूस होता.

गुरुनाथने घसा साफ केला. "फ्रेंड्स, मी कुणावर आरोप करत नाही. पण फॅक्ट्स बघा. आपल्या गल्ल्यांमधून सगळ्यात जास्त वेळा कोणाचा ट्रक फिरतो? एफ्राइनचा. एफ्राइन उन्हाळ्यात काय करतो? छपरांची कामं. छपराला काय लागतं?"

"खिळे," तीन-चार जण शाळेतल्या मुलांसारखे एका सुरात म्हणाले.

एफ्राइन म्हणजे कॉलनीतला बर्फ काढणारा. एक्वाडोरचा, बुटका, पन्नाशीचा. गेली सहा वर्षं बर्फ पडला की लोकांना जाग यायच्या आत त्याच्या ट्रकला पुढे लावलेलं लोखंडी पातं रस्ता खरवडून गेलेलं असे. त्याच्याशी आजवर कुणी दोन वाक्यं बोललं नव्हतं. त्यामुळे त्याच्याविषयी काहीही मानून चालणं सगळ्यांना सोपं होतं.

"आणि त्याच्या मेव्हण्याचं टायरचं दुकान आहे म्हणतात," मागून कुणीतरी भर घातली.

"म्हणतात ना? बघा!" गुरुनाथ म्हणाला. म्हणतं कोण, हे कुणी विचारलं नाही.

कांचन नकाशाकडे बघत होती. ठिपके सगळ्यात दाट कुठे होते? गुरुनाथच्याच टोकाला, त्याच्या गॅरेजपासून वळणापर्यंत. तिच्या डोक्यात काहीतरी हललं. पण घरी कुकर लावायचा होता, सकाळी सातला बंगलोरशी कॉल होता, आणि या बावळटांच्या सभेत तोंड उघडलं तर अजून तासभर जाईल, हेही तिला दिसत होतं. "कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल करावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," असं गुरुनाथ म्हणाला तेव्हा संग्रामने हात वर केला आणि कोपराने तिला ढोसलं. तिनेही केला. मग सगळ्यांनी चपला शोधल्या.

एफ्राइनला कॉलनीचा कारभार बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीने दोन ओळींची ईमेल पाठवली. पुढच्या आठवड्यात आणखी तीन गाड्या पंक्चर झाल्या.

"तो तर गेला ना? मग आता हे कुठून आले?" कांचनने ग्रुपवर विचारलं.

"जुना स्टॉक आहे वहिनी," गुरुनाथने उत्तर दिलं. "हळूहळू क्लिअर होईल."

जुना स्टॉक! जसं काही त्याचं किराणा दुकान होतं. अकरावं पंक्चर संग्रामच्या गाडीचं झालं. त्याने ते काढून आणलं आणि किल्ल्यांबरोबर खिळाही ओट्यावर टाकला. कांचन पोळ्या लाटत होती. तिने पिठाच्या हाताने खिळा उचलला आणि लाटणं खाली ठेवलं.

खिळा काळाठिक्कर होता. गंजाचा तांबूसपणा नाही, नव्या खिळ्याची चकाकी नाही. दांड्याला पीळ होता, स्क्रूसारखा. असे खिळे छपरात जात नाहीत, छपराचा खिळा आखूड आणि रुंद टोपीचा असतो. हे पीळवाले खिळे माल रचायच्या लाकडी चौकटींना, पॅलेटना मारतात. तिने दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. खिळा मेणासारखा नाही, पण कुरकुर न करता वाकला.

"अगं, काय करतेस?"

"तारेपासून केलेला खिळा हाताने असा वाकत नाही. हा आगीत तापलाय, लालभडक होईपर्यंत, आणि मग राखेत सावकाश थंड झालाय. कडकपणा सगळा गेलाय त्याचा." तिने खिळा ओट्यावर ठेवला. "संग्राम, थर्टी फर्स्टला गुरुनाथने मागच्या अंगणात काय जाळलं होतं?"

संग्रामचा हात पोळीच्या डब्यावर तसाच राहिला. गणपतीचं स्टेज गुरुनाथने सप्टेंबरमध्ये फुकटात आणलेल्या पॅलेटचं केलं होतं. ते महिने-महिने त्याच्या गॅरेजमध्ये पडून होतं. थर्टी फर्स्टला त्याची शेकोटी झाली, कांचनने त्या शेकोटीशी बसून दोन प्लेट मिसळ खाल्ली होती. आणि जानेवारीत गल्लीत बर्फ गोठला तेव्हा कुणी घसरू नये म्हणून अध्यक्षांनी मिठाऐवजी त्याच शेकोटीची राख पसरली होती. नैसर्गिक, पर्यावरणपूरक, कुत्र्यांच्या पायांना सुरक्षित. बादली हातात घेतलेला फोटोही टाकला होता. लोकांनी वाहवा केली होती.

"अरे देवा," संग्राम म्हणाला.

"देवाचा काय संबंध? त्याने बिचाऱ्याने दहा दिवस त्या स्टेजवर बसून काढले."

शनिवारी सकाळी कांचनने हार्डवेअरच्या दुकानातून चाकांचा लोहचुंबक आणला. झाडूसारखी लांब दांडी, खाली हातभर लांबीची पट्टी. गुरुनाथच्या गॅरेजसमोरून तिने तो एकदा वळणापर्यंत ओढत नेला आणि उलटा केला. पट्टीला काळे खिळे मिशीच्या केसांसारखे चिकटले होते, आणि त्यांच्या पिळात राखाडी भुकटी भरलेली होती. तिने शंभरच्या पुढे मोजणं सोडलं. मग लोहचुंबक तसाच उचलून तिने बेल वाजवली.

गुरुनाथने दार उघडलं. अंगात फ्लीसचं जाकीट, हातात कॉफी. त्याने खिळ्यांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "वा वहिनी! एव्हिडन्स! म्हणजे एफ्राइनने एवढे टाकले होते?"

"एफ्राइनने नाही. तुमच्या राखेतले आहेत."

"काय?"

"पॅलेट जाळलेत. लाकूड जळतं, लोखंड जळत नाही. हे सातवीत शिकवतात, भावोजी. उरले ते खिळे तुम्ही स्वतःच्या हाताने गल्लीभर पेरलेत. वरून फोटो काढलात."

गुरुनाथने कॉफीचा एक घोट घेतला. मग म्हणाला, "हे बघा, असं लगेच कन्क्लूड करणं बरोबर नाही. मल्टिपल सोर्सेस असू शकतात."

आतून त्याची बायको शुभा आली. तिने लोहचुंबक पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. "मी तेव्हाच म्हटलं होतं, चाळून टाक. म्हणाला, तुला ह्यातलं काय कळतं!"

"शुभा, प्लीज."

"मग आता काय?" कांचनने विचारलं. "एफ्राइनचं काय करायचं?"

"नक्कीच, नक्कीच. पण आता फिंगर पॉइंटिंग नको. पुढे बघू या. निर्णय तर सगळ्यांनी मिळून घेतला होता ना? तुमचाही हात वर होता, वहिनी."

एवढं एकच वाक्य तो माणूस महिन्याभरात खरं बोलला होता, आणि ते नेमकं कांचनला लागलं. ती लोहचुंबक घेऊन वळली.

तिने ग्रुपवर फोटो टाकला, चार ओळींत खुलासा लिहिला.  अर्ध्या तासाने गुरुनाथचाच मेसेज आला: "रूट कॉज आयडेंटिफाय झाल्याचा आनंद आहे. टीमवर्क!" त्यावर फुलांची आणि नमस्काराची रांग लागली. एफ्राइनचं नाव एकाही मेसेजमध्ये नव्हतं. सगळी माणसं शिकलेली, मोठ्या कंपन्यांतली, आणि एका माणसाची रोजी घालवल्यावर हळदीकुंकवाच्या ग्रुपसारखी फुलं वाटत बसलेली. आणि आपण वेगळ्या कुठे होतो? आपण तर लाल ठिपके बघूनही कुकरची शिट्टी मोजत घरी आलो.

तिने मॅनेजमेंट कंपनीला पत्र लिहिलं, स्वतःच्या सहीने. त्यांनी चूक मान्य केली आणि एफ्राइनला परत बोलावतो म्हणाले. चार दिवसांनी त्यांचाच निरोप आला: तो नाही म्हणतो. मग कांचनने पत्ता मागितला आणि रविवारी शेजारच्या न्यू ब्रन्सविकला त्याच्या घरी गेली.

एफ्राइन त्याच्या अंगणात ट्रकचं पातं घासत होता. बाजूला दोन टायर उभे होते, दोन्हीच्या रबरात काळे खिळे.

"तुमच्या गल्लीतले," तो इंग्रजीत म्हणाला. "जानेवारीत दोनदा. मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, काम आहे, होतं असं."

कांचनने सगळं सांगितलं. राख, पॅलेट, मीटिंग. आपण हात वर केला होता, हेही सांगितलं. तिला वाटलं होतं, तो चिडेल. तो हातातला ब्रश खाली ठेवून नीट ऐकत होता, आणि राखेपाशी आल्यावर त्याने तिला थांबवलं.

"चाळली नाही राख?"

"नाही."

"खिळ्यांचं लाकूड जाळलं, आणि चाळली नाही?"

"नाही."

"तुम्ही लोक सगळे इंजिनिअर ना?"

"हो," कांचन म्हणाली.

"माझी आई राख चाळायची. शेतात टाकायच्या आधी, दर वेळी. तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं." तो हसला, पण ते हसू तिला आत घेणारं नव्हतं. "मी एका शाळेचं पार्किंग घेतलंय आता. तिथे खिडकीत कॉफी घेऊन माझ्यावर नजर ठेवायला कुणी उभं नसतं."

"मला माफ करा," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, तिला कळलं नाही, आणि विचारायचा अधिकार आपल्याला नाही हे कळलं. त्याने ब्रश उचलला आणि पात्यावरचा गंज पुन्हा घासायला लागला.

फेब्रुवारीच्या अखेरीस मोठा बर्फ पडला. नवा ठेकेदार दुपारी एकला उगवला, आणि त्याने पहिल्याच फेरीत गुरुनाथच्या घरासमोरची टपालपेटी आडवी केली. संध्याकाळी ग्रुपवर मीटिंगचं निमंत्रण आलं. संग्राम म्हणाला, "जायचं ना? चकल्या असतील."

"तू जा," कांचन म्हणाली, आणि बर्फ काढायला फावडं घेऊन बाहेर पडली.