हाताला कळतील अशी झाडं

किसनराव एसटीत ड्रायव्हर होते. नाशिक-पुण्याकडची मुक्कामाची गाडी मिळाली, की परतताना त्यांच्या सीटमागे एखादं कुंडीतलं निवडुंग असायचंच. बीबी गावातल्या त्यांच्या घराची गच्ची अशा झाडांनी भरून गेली होती. निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. तरी ते चाचपडत गच्चीवर जात राहिले. एका सकाळी फड्या निवडुंगाचे केसासारखे काटे त्यांच्या बोटांत शिरले. त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, चिमट्यानं काढले तेवढे काढले. पण पुढं कितीतरी दिवस त्यांना धड घास धरता येईना.

"देऊन टाक सारी," ते बायकोला म्हणाले. "मले दिसत नाही, तुले आवडत नाही. कोणासाठी ठेवाची?"

सत्यभामाबाईंना काटे आवडत नसत, हे खरंच होतं. वाळत घातलेली लुगडी फाटतात म्हणून त्या कायम कुरकुरायच्या. त्यांनी कुंड्या गावातल्या शाळेत देऊन टाकल्या. तेव्हापासून किसनराव दिवसभर ओसरीत बसू लागले. रेडिओ चालू असायचा, पण काय लागलंय ते त्यांना सांगता यायचं नाही.

दिवाळी झाल्यावर एक दिवस बाई म्हणाल्या, "उद्या बुलढाण्याले जाचं आहे."

"काऊन? डॉक्टरकडं तर पुढच्या महिन्यात बोलावलं."

"दुसरं काम आहे."

मेहकरला गाडी बदलून दोघं बुलढाण्याला पोचले. एका घराचा जिना चढून वर गेल्यावर ओल्या वाळूचा आणि शेणखताचा वास आला, आणि किसनरावांना कळलं. शाइस्ता नावाची एक तरुण बाई तिथं गच्चीवर जाळी लावून निवडुंगं आणि जाड पानांची झाडं वाढवून विकायची.

"इथं आणलं तू मले?" ते जिन्याच्या तोंडाशीच थांबले. "चाल घरी."

"आधी हात द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याचा हात धरून एका कुंडीवर ठेवला.

किसनरावांनी हात आखडून घेतला, मग हळूच पुन्हा लावला. जाड, लांबट पानं होती, खरखरीत. "वासराची जीभ लागते ही," ते म्हणाले.

"गॅस्टेरिया आहे काका," शाइस्ता म्हणाली. "आता हे बघा."

दुसरं गोल होतं, बिनकाट्याचं, क्रिकेटच्या चेंडूसारखं, वरून खाली शिवणी असलेलं. "युफोर्बिया ओबेसा," किसनराव लगेच म्हणाले. "पुण्यात एकदा पाह्यलं होतं. मांगितलं, पण माळी देईना."

"हाव, तेच. फक्त झाडाले जखम झाली तर चीक निघतो, तो डोळ्याले लावू नका."

तिसऱ्याच्या पानांवर उंचवट्याचे पट्टे होते, बोटानं मोजता येतील असे. ते हावर्थिया. चौथं निवडुंग असून कोंबडीच्या पिलासारखं मऊ होतं. त्याचे काटे पिसासारखे. किसनराव त्यावरून बोट फिरवत बराच वेळ उभे राहिले. शाइस्तानं एक गुलाबाच्या आकाराचं झाडही पुढं केलं. त्यांनी ते जेमतेम शिवून परत केलं. "याच्या अंगावर भुकटी असते. माह्या हातानं पुसून जाईन. हे पाहणाऱ्यासाठी ठेव."

"मग बाकीची चार?"

"बाकीची दे. पण मले लागतात तशीच नेमकी कशी काढून ठेवली तू?"

"मी नाही काढली," शाइस्ता म्हणाली. "काकू मागं येऊन गेल्या ना. डोळे मिटून एकेक झाड हातात घेत होत्या. मी म्हटलं, काकू, काटे लागतील, मी सांगते कोणती मऊ आहेत. तर म्हणे, तुले दिसते, तुले नाही समजाचं."

बायको औषध आणायला म्हणून एकटी बुलढाण्याला गेली होती, तो दिवस किसनरावांना आठवला. त्या रात्री वरणाची वाटी घेताना त्यांच्या बोटांना तिचा डावा हात लागला होता.

परतीच्या गाडीत कुंड्यांचं खोकं दोघांच्या पायाशी होतं. चिखली मागं पडल्यावर किसनरावांनी तिचा उजवा हात शोधला आणि बोटांची टोकं चाचपली.

"लय लागले होते?"

"पांढऱ्या केसांचं एक झाड होतं. वरून मऊ, आतून सुया. तेच लय लागलं. बाकी काही नाही."

"तुले तर झाडाचा कंटाळा आहे."

"झाडाचा आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही ओसरीत बसून राहता, त्याचा जास्त आहे."

मेहकरला गाडी बदलली, तरी त्यांनी तो हात बीबी येईपर्यंत सोडला नाही. आभार मानायची त्यांच्या घरात रीत नव्हती. तरी उतरताना ते म्हणाले, "बरं झालं तू गेली."

थंडीच्या दिवसांत एका सकाळी बाई चुलीपाशी भाकरी थापत असताना त्यांनी गच्चीवरून हाक मारली. पिठाच्या हातांनी त्या वर गेल्या. हावर्थियाच्या पानांमधून वर आलेला काडीएवढा दांडा किसनरावांनी दोन बोटांत अलगद धरला होता.

"फुलाचाच आहे ना?"

बाई वाकल्या. "हाव. बारीक कळ्या आहेत."

"कशा आहेत ते नीट सांग."

बाई त्यांच्याजवळ फरशीवर बसल्या आणि सांगू लागल्या.