दिजोंपर्यंतची शर्यत

“यावर कुणाचा विश्वास बसणार नाही,” म्हणत म्हाताऱ्या फुल्बेरनं पेला खाली ठेवला. समोरच्या बेल्जियन जोडप्याला बर्गंडीचे द्राक्षमळे बघायचे होते. फुल्बेरच्या नावेतून जावं की लेओंसच्या मोटारीतून, हे काही ठरत नव्हतं. यंदा फुल्बेरच्या नावेत अजून एकही प्रवासी चढला नव्हता.

“या लेओंसची नि माझी दिजोंपर्यंत शर्यत लागली. हा रस्त्यानं, मी कालव्यानं. वाटेत कालवाच आटला! मग काय, नावेतली सगळी पिंपं ओतली आणि वाईनवर नाव तरंगवली.”

“पण नाव ओढली कुणी?” बेल्जियन बाईनं विचारलं.

“माशांनी! झिंगले होते ना बाई, ढकलत सुटले.”

लेओंसनं कपाळाला हात लावला. बाईनं मात्र हसत हसत आपली प्रवासाची पिशवी फुल्बेरकडे सरकवली. म्हाताऱ्याला आणखीच चेव आला.

“दुपारी साडेबाराला कालव्यावरच्या पाणदरवाज्याशी पोचलो. रखवालदार धावत आला, दार उघडलं...”

“ओ फुल्बेरकाका!” रखवालदाराची बायको सिदोनी कोपऱ्यातून कडाडली. “माशांचं राहू द्या. पण बारा ते एक जेवायची सुट्टी असताना माझा नवरा ताटावरून उठला? धादांत खोटं!”