कडक पातं

वडिलांच्या मागे पाती बनवायचा कारखाना ताई आणि तिचा धाकटा भाऊ, दोघं मिळून चालवत होते. पोलाद निवडायचं ताईने, गिऱ्हाईक सांभाळायचं भावाने. त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे भंगारवाला. लोखंड कापायच्या त्याच्या मशीनला पाती यांचीच लागत.

"पाती देता की लोणी कापायच्या सुऱ्या?" एके दिवशी येऊन त्याने तोंडाचा पट्टाच सोडला. "आठवड्यात बोथट! जरा कडक द्या की."

"कडक पातं धार धरतं, पण धक्का सोसत नाही," ताई म्हणाली. "भंगारातून काय निघेल याचा नेम नाही. जाड काही आलं की मोडेल. म्हणून चिवट पोलाद देतो."

"पत्र्याशिवाय दुसरं काही घालणार नाही. शब्द देतो."

तो गेल्यावर भाऊ कासावीस झाला. "ताई, हे गिऱ्हाईक तुटलं तर कारखान्याला कुलूप. एवढा शब्द देतोय माणूस!"

ताईने हो म्हटलं, पण मन खात राहिलं.

सुरुवातीला पात्यांनी झकास काम दिलं. मग एका सकाळी पत्र्यांच्या ढिगात दडलेला गाडीचा आस मशीनमध्ये गेला. पातं काचेसारखं फुटलं आणि एक तुकडा मशीन चालवणाऱ्याच्या गळ्यात घुसला. दवाखाना गाठेपर्यंत खेळ आटोपला होता.

"जाऊ नकोस, अंगाशी येईल," भाऊ म्हणत असताना ताई त्या माणसाच्या घरी गेली. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे.

"ते पातं मी दिलं होतं," ताई म्हणाली. "मोडू शकतं, हे मला ठाऊक होतं."

बाईने मान वर केली. "मग ह्यांना सांगितलं होतं का कुणी?"



पुढच्याच आठवड्यात भंगारवाल्याचा फोन आला. "झालं ते वाईटच. पण कापायचं काय हो ते पातं! तसलीच जोडी पाठवा."

"चिवट हवी तर देते. तसली नाही."

"मग दुसरीकडून घेतो."

गिऱ्हाईक गेलं. निम्मे कामगार घरी बसले. भाऊ तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला.

एकदा भंगारवाल्याच्या वखारीवरून जाताना ताईला मशीनचा आवाज आला. ती सरळ आत शिरली. मशीनवर नवा माणूस होता, मेलेल्याच्याच जागी उभा.

"दादा, हे पातं फुटतं," ती ओरडून म्हणाली. "समोर उभे राहू नका."

त्याने मशीन थांबवलं, तिच्याकडे पाहिलं.

"मग कुठे उभा राहू, ताई? मशीन चालवायचा दांडा तर इथेच आहे."

आणि त्याने मशीन पुन्हा सुरू केलं.